भुंगीचं पोट

३ फेब्रुवारी, सोमवार

शाळेतून फोन. पुन्हा ओकली. या खेपेला वर्गातच, फळ्यासमोर. वर्गशिक्षिका म्हणाल्या, काळजी करू नका, आम्ही लगेच पुसून घेतलं. फरशीचं मला काय करायचंय!

गेले तर भुंगी ऑफिसातल्या बाकावर, मांडीवर बादली घेऊन. ओठांभोवती लाल चट्टे. काय खाल्लंस? काही नाही. काय खाल्लंस? मान खाली. तिसऱ्यांदा विचारल्यावर निघालं — कुणाचा तरी वाढदिवस होता, केक वाटला. हिला द्यायचा नाही एवढं बाईंच्या लक्षात होतं. मग शेजारच्या मुलीनं आपल्या बोटाला लागलेलं क्रीम हिला चाटू दिलं. मैत्रीखातर.

दूध नाही, गहू नाही, अंडं नाही, सोया नाही, निम्मी फळं नाहीत. काय चालत नाही ते सांगायला एक दम लागतो. काय चालतं ते अर्ध्या दमात संपतं. सात वर्षांची मुलगी, आणि पाच वर्षांच्या मुलीचा फ्रॉक होतो.

तान्ही असताना दूध पिताना गुणगुणायची म्हणून तिच्या बापानं भुंगी नाव ठेवलं. माझ्या मुलाला नावं ठेवायला आवडतात. गुणगुणणं कधी थांबलं ते कुणालाच आठवत नाही.

सून एकटी पुरी पडेना म्हणून मी माझ्या खोलीला कुलूप लावून इथे राहायला आले. मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. दोनशे मुलींचं स्वयंपाकघर चालवलंय. एका मुलीचं चालवता येईना, असं व्हायचं नाही.

५ फेब्रुवारी

इस्पितळ. भुंगीला नुसत्या बनियनवर काट्यावर उभं केलं. मागच्या खेपेपेक्षा कमी. मोठे डॉक्टर काट्याकडे बघून काही बोलले नाहीत, आमच्याकडे बघूनही बोलले नाहीत. तिला बाहेर मासे बघायला पाठवलं (काचेची पेटी आहे, त्यात तीन मासे) आणि मग बोलले. वजन असंच उतरत राहिलं तर भरती करून नाकातून नळी घालावी लागेल. नळीतूनच खायला द्यायचं. किती दिवस? ते सांगता येत नाही.

सून रडली. मी विचारलं, त्याआधी काय करता येईल ते बोला.

आहाराचं बघणाऱ्या एक बाई आहेत तिथे, तरुण, केस कापलेले. बोलणं मुद्द्याचं. त्यांनी सांगितलं, सगळं बंद करा. भात, बटाटा, भोपळा, नाशपाती, उकडलेलं चिकन, मीठ, तेल. एवढंच. पोट शांत झालं की एकेक गोष्ट घालून बघायची. तीन दिवस द्यायचं, मग वाट बघायची. दुखलं, ओकली, चट्टे आले की ती गोष्ट बाद. भुंगी स्वतः काय सांगते तेच महत्त्वाचं, म्हणाल्या, कारण या दुखण्याला रक्ताची तपासणी नाही.

मला पटलं. कॉलेजात रसायनशास्त्रात हेच शिकले होते — एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जागच्या जागी. म्हटलं, हे मी बघते.



६ फेब्रुवारी

स्वयंपाकघर उपसलं. मैदा, दूध पावडर, बाटल्या, बिस्किटांचे डबे — सगळं शेजारणीला देऊन टाकलं. लाकडी उलथनी आणि पोळपाट टाकले. लाकूड धुऊन स्वच्छ होत नाही, आत मुरतं. त्यांतला एक लाकडी डाव सुनेच्या आईचा होता म्हणे. ती कामावरून आली, कचऱ्याच्या पिशवीत डोकावली, पिशवीचं तोंड बांधून खाली ठेवून आली. आधी सांगायचं तरी. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासते, घरी आली की तोंड शिवलेलं.

घराचा नियम सांगितला. भुंगी जे खाईल तेच सगळ्यांनी खायचं. घरात दुसरं काही शिजणार नाही, येणार नाही.

मुलगा म्हणाला, "आई, तुझ्या मेसचा मेन्यू यापेक्षा बरा होता."

९ फेब्रुवारी, रविवार

मुलगा सुट्टीच्या दिवशीही लिफ्ट दुरुस्तीला गेला होता. कुणीतरी अडकलं होतं. संध्याकाळी आला. भुंगी त्याच्या मांडीवर चढली, त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं. म्हणाली, "बाबा, तू पाव खाल्लास. लोणी लावून. भाजलेला."

तो म्हणाला, नाही गं.

"खोटं. फू कर."

त्यानं फुंकर मारली. तिनं डोळे मिटून वास घेतला. मग म्हणाली, परत. तो उठून हात धुवायला गेला आणि बराच वेळ आला नाही.

त्याला नंतर बजावलं. आता तो खाली गाडीतळाच्या नळावर दात घासून वर येतो. पहारेकऱ्याला वाटत असेल, बायकोनं घराबाहेर काढलंय.

१० फेब्रुवारी

मला आज जेवण गेलं नाही. भात जास्त शिजला होता.

१२ फेब्रुवारी

वर्गशिक्षिकांनी बोलावलं. भुंगी डबा खायच्या सुट्टीत डबा खात नाही. डबा मांडीवर ठेवते आणि आळीपाळीनं एकेकाला विचारते — चव सांग. ते खातात आणि सांगतात. खेळ झालाय. नीट सांगणाऱ्याला तिच्याकडची रंगीत पेन्सिल एक दिवस वापरायला मिळते. एक मुलगा प्रत्येक वेळी नुसतं "मस्त" म्हणतो, त्याला तिनं खेळातून काढून टाकलंय. एक मुलगी चांगलं सांगते. परवा म्हणाली होती, आधी बोचरं लागतं, मग मऊ होतं आणि शेवटी दाताला चिकटून बसतं. तिला दोन पेन्सिली मिळाल्या.

बाई हसून सांगत होत्या, पण डोळ्यांत पाणी होतं. मला हे असलं आवडत नाही. मी म्हटलं, तिला डब्याच्या वेळी वेगळं बसवा. त्या म्हणाल्या, एकटीला? मी म्हटलं, पुन्हा कुणी बोट चाटायला दिलं तर निस्तरणार कोण — तुम्ही?

उद्यापासून ग्रंथालयात बसेल. आपला डबा आपण संपवेल.

१५ फेब्रुवारी

वजन वाढलं! थोडंच, पण काटा पुढे गेला. आठवडाभर उलटी नाही, चट्टे नाहीत, पोट ढोलासारखं फुगलेलं नाही. सकाळी मी एकच शब्द विचारते — पोट? ती म्हणते — बरंय. हजेरीसारखं. वसतिगृहात असंच होतं, सकाळी नाव, "हजर", पुढची. जास्त पाघळलं की मुली कुरकुरायला लागतात.

दुपारी नाशपाती खाताना गुणगुणली. सुनेनं माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं. बोललो नाही दोघीही, मोडेल म्हणून.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पहिली चाचणी — मटार. मूठभर, उकडून, मीठ लावून. एकेक दाणा बोटानं सोलून खाल्ला, सालं ताटाच्या कडेला ओळीनं मांडली. गुणगुणत होती.

संध्याकाळी माझ्याजवळ आली. "आजी, दुखतंय."

किती? इतकं, म्हणाली आणि दोन्ही हात पसरले. रात्रीपर्यंत चार वेळा संडासला. मग उलटी. मटारानं एवढं? मला पटेना. मूठभर मटारानं एवढं व्हायचं कारण नाही. दुसरं काहीतरी पोटात गेलं असणार.

१८ फेब्रुवारी

लिहायला बसले खरी, पण राग अजून उतरलेला नाही.

सकाळी सून आंघोळीला गेली असताना तिची पर्स उघडली. होय, उघडली. आत बिस्किटाचं रिकामं वेष्टन, नीट घडी घातलेलं. ती बाहेर आली तेव्हा मी ते टेबलावर ठेवलं होतं. विचारलं, काय दिलंस तिला?

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. केसांतून पाणी गळत होतं, पुसायचंही सुचलं नाही. आवाज न चढवता म्हणाली, "ते मी खाल्लं, आई. बसमध्ये. उभ्यानं. रोज खाते. इथे येऊन भोपळा गिळायच्या आधी."

मी म्हटलं, आणि हिला एकही नाही?

"माझी मुलगी आहे ती."

"म्हणूनच विचारतेय," मी म्हटलं.

मुलगा मध्ये पडला — आई, जाऊ दे ना. अगं, तूही जाऊ दे ना — दोघींना तेच वाक्य. लिफ्टमध्ये अडकलेल्यांना असंच सांगत असेल. सून म्हणाली, "तुम्ही माझी पर्स उघडलीत." तेवढंच दोनदा म्हणाली आणि ओल्या केसांनी कामाला निघून गेली.

भुंगी दारात उभी होती. एका पायात मोजा, दुसरा हातात. किती वेळ उभी होती कोण जाणे. म्हटलं, शाळेचं आवर.

मटार बाद.

१९ फेब्रुवारी

सून माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, पाणी ठेवते, बोलत नाही. तिची मर्जी. मी काही इथे लाडीगोडी लावायला आलेले नाही.

२२ फेब्रुवारी

अंडं. आहारवाल्या बाई म्हणाल्या तसं आधी चमचाभर, उद्या अर्धं, परवा आख्खं. मी स्वतः जवळ बसून भरवलं. शाळेला सुट्टी, दिवसभर डोळ्यांसमोर ठेवली. तिची आईही घरीच, पण मी दोघींना एकटं सोडलं नाही. सून ते ओळखून होती.

संध्याकाळी — पोट? बरंय. नक्की? नक्की.

२३ फेब्रुवारी

अर्धं अंडं. बरंय.

दुपारी बाथरूमचा नळ धो धो सोडून ही आत. हाका मारल्या तरी बंद करेना. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं, पुढचे केस ओले. विचारलं, एवढं काय धूत होतीस? हात. हाताला बादलीभर पाणी लागतं? पाणी वाया घालवलेलं मला चालत नाही हे ठणकावून सांगितलं.

२५ फेब्रुवारी

अंडं पास! तीन दिवस झाले, काही नाही. एक दार उघडलं. आहारवाल्या बाईंना फोन करून सांगितलं. त्यांनाही आश्चर्य वाटलं, अंडं सहसा इतकं सहज सुटत नाही म्हणाल्या. मी म्हटलं, शिस्त लावली की सुटतं.

मुलानं अंड्याच्या आनंदात चार प्रकारे अंडी करून दाखवली. करपलेलं धरलं तर पाच.

२६ फेब्रुवारी

आज पाव.

मुलगा कामावरून येताना आपला नेहमीचा घेऊन आला, गरम, कागदात. लोणी नाही, ते अजून व्हायचंय. भुंगीनं आधी वास घेतला. बराच वेळ. मग एक तुकडा जिभेवर ठेवून तोंड मिटलं. चावली नाही, नुसती बसून राहिली. मुलानं विचारलं, चव सांग. ती म्हणाली, "थांब. अजून लागतेय."

सगळे हसलो. सूनही. त्या सकाळनंतर पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली. "आई, तुम्हीही घ्या ना थोडा." घेतला. मला पाव आताशा सोसत नाही, पण घेतला.

सगळे झोपायला गेल्यावर माझंच बिघडलं. बाथरूममध्ये बसले थोडा वेळ. कुणाची झोप मोडली नाही, ते बरं.

२७ फेब्रुवारी

पोट? बरंय.

१ मार्च, शनिवार

पावही पास. माझा विश्वास बसत नाही. शाळेच्या डब्यात पाव आणि उकडलेलं अंडं दिलं. पुन्हा सगळ्यांत बसून खाते. परवानगी मीच दिली.

चेहरा मात्र उतरलाय. डोळ्यांखाली काळं. पावानं शक्ती यायला वेळ लागत असेल. आज दोनदा नळ वाहत ठेवला. दोन्ही वेळा बोलले. ऐकते, मान हलवते, पुन्हा तेच. पूर्वी अशी नव्हती. चार दिवस जरा सैल सोडलं की मुली डोक्यावर बसतात.

सून म्हणाली, आई, तुम्ही बारीक झालात, कपडे लोंबताहेत. मी म्हटलं, लिफ्टवाल्याच्या घरात राहते आणि जिने चढते, त्यानं.

३ मार्च, सोमवार

काटा मागे आलाय. पहिल्यापेक्षाही मागे.

मोठे डॉक्टर कागद उलटसुलट करत राहिले. अंडं सोसतंय, गहू सोसतोय, तक्रार नाही — मग उतरतंय कुठे? म्हणाले, "बाहेरून काहीतरी पोटात जातंय. घरातलं कुणीतरी देतंय, किंवा तीच घेतेय."

मी सुनेकडे बघितलं. तिनं माझ्याकडे. मुलगा दारातून बाहेरचे मासे बघत होता.

पुढच्या सोमवारी खाट राखून ठेवलीय. या आठवड्यात वजन सावरलं नाही तर नळी. आहारवाल्या बाई म्हणाल्या, जे सोसतंय ते भरपूर द्या, अंडी, पाव, दिवसातून पाच वेळा.

भुंगीला कुणी काही सांगितलं नाही. गाडीत तिनंच विचारलं, नळी केवढी असते?

४ मार्च

पाच वेळा. अंडं, पाव, पाव, अंडं, पाव. शेवटच्या घासाला तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी म्हटलं, नळीपेक्षा बरं ना? खाल्लं सगळं. पोट? बरंय.

५ मार्च

नळाचं आता फार झालं. आज तीनदा! दार आतून बंद, नळ पूर्ण सोडलेला, मी बाहेरून ओरडतेय आणि बाईसाहेबांना ऐकू जात नाही.

वसतिगृहात यावर माझा एक उपाय होता. बाथरूमच्या बाहेर, भिंतीत, पाण्याची चावी असते. मुली साबण लावून गाणी म्हणत बसल्या की मी बाहेरून चावी फिरवायचे. पाणी बंद! मग कुणी पुन्हा रेंगाळत नसे. उद्या तेच करते.

६ मार्च, गुरुवार

केलं.

शाळेतून आली. पाव दिला, अंडं दिलं. मुकाट्यानं संपवलं. थोड्या वेळानं बाथरूममध्ये गेली, कडी लावली, नळ सोडला. मी बाहेर उभीच होते. चावी फिरवली.

पाणी थांबलं. आणि मग ऐकू आलं.

ओकत होती. ओकणं संपलं की कण्हत होती — पण मोठ्यानं नाही, तोंडात काहीतरी कोंबून, दबलेलं. जनावर कुठेतरी अडकल्यासारखं. पाणी गेल्याचं तिच्या लक्षात आलं असणार, कारण एकदम सगळं थांबलं. श्वास धरून बसली होती आत. मीही बाहेर तशीच.

म्हटलं, भुंगी, दार उघड. रागावत नाही, उघड.

फरशीवर बसली होती. टॉवेलचं टोक ओलं, चावलेलं. पोट ढोलासारखं. त्याला हात लावला तर अंग चोरलं.

किती दिवस? अंड्यापासून? मान हलवली. पहिल्या दिवसापासून? हलवली.

मला का नाही सांगितलंस?

"मटार काढलेस ना तू. दुखतंय म्हटलं म्हणून." मग टॉवेलकडे बघत, "आणि आईची पर्स."

मी तिच्या शेजारी फरशीवर बसले. गुडघे कुरकुरले. तिला वाटलं मी रागावून बसलेय. म्हणाली, "आजी, पाव नको ना काढू. मला दुखलेलं चालतं."

हे नळाचं तुला कुणी शिकवलं, विचारलं. माझ्याकडे बघितलं. बघतच राहिली. मी पुढे विचारलं नाही.

उठून चावी फिरवली. तिचं तोंड धुतलं.

७ मार्च

रसायनशाळेत कशाचंही वजन करण्याआधी काटा शून्यावर आहे का ते बघायला लावायचे. न बघता वजन केलं तर सर सगळं पुन्हा करायला लावत. इथे काटा एकच होता — तिचं उत्तर. आहारवाल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. तो मी एकदाही तपासला नाही. उलट रोज सकाळी अंगठ्यानं दाबून धरला.

सुनेला सांगितलं. ओट्याशी उभी होती. पाठमोरीच ऐकत राहिली. वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार, आणि घ्यायला तयार होते. ती वळली आणि म्हणाली, "मला वाटत होतं तुम्हीच चोरून काहीतरी देताय. म्हातारं माणूस, दया येत असेल." मग हसली. कडवट हसली. मलाही हसू आलं, दुसरं काय येणार.

तिची पर्स टेबलावर होती. मी म्हटलं, त्याचं माझं चुकलं. ती म्हणाली, हो.

अंडं बंद. पाव बंद. पाव काढताना भुंगीला समोर बसवून सांगितलं. ओरडली, लाथा मारल्या, मला "चेटकीण" म्हणाली. बरं केलं.

१० मार्च, सोमवार

नळी घातली.

दोन नर्स, एक मुलगा, एक सून, आणि मी — तिचे हात माझ्याकडे होते. लढली. एवढीशी, पण काय जोर! मला वाटलं होतं, मला हे बघवणार नाही. बघितलं.

नंतर गालाला चिकटपट्टी लावून पडून राहिली. नर्सला विचारलं, यातून जे जाईल त्याची चव लागेल का? नर्स म्हणाली, नाही गं राणी, सरळ पोटात. त्यावर भुंगीनं विचार केला. "मग यात भोपळा घाला."

१२ मार्च

सून दुपारी दुकानातून तशीच इस्पितळात आली. भुंगी म्हणाली, आई, तुझं बिस्किट काढ. सुनेनं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

तिनं खाटेजवळ उभं राहून, बसमध्ये खाते तसं, बिस्किट खाल्लं. भुंगी म्हणाली, चव सांग. ती सांगायला लागली. कडेला जरा करपलेलं. मध्ये भुसभुशीत. मग पीठ होतं आणि टाळ्याला बसतं. भुंगी म्हणाली, हळू खा, मग मीठ लागतं का? सुनेला सांगता येईना. मी म्हटलं, शेवटी किंचित लागतं. कसं कळलं, भुंगीनं विचारलं. म्हटलं, मीही खाल्लीत, पूर्वी.

नळी असूनही गुणगुणली. आवाज जरा वेगळा येतो, नाकातून.

१५ मार्च

वजन थोडं पुढे. मला आता काट्याचं काही वाटेनासं झालंय.

दुपारी इस्पितळाच्या उपाहारगृहात भात घेतला. दोन घासांवर गेला नाही.

१७ मार्च, सोमवार

सकाळी आहारवाल्या बाई आल्या. खाटेच्या कडेला बसून भुंगीला म्हणाल्या, पुन्हा एकेक सुरू करू, सावकाश. पण दुखलं की लगेच सांगायचं, कुणी रागावणार नाही, कुणाचं भांडण होणार नाही. कबूल? भुंगीनं मान हलवली. मग विचारलं, "आणि आजीनं?"

सून म्हणाली, आजीचं काय?

"ती पण नळ सोडते. रोज."

बाईंनी हातातला कागद खाली ठेवला. सुनेनं माझ्याकडे बघितलं. आधी चेहऱ्याकडे, मग लोंबणाऱ्या बाह्यांकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे, दुकानात लोकांचे डोळे बघते तसं. जवळ येऊन माझ्या हातातली पिशवी काढून घेतली.

"पोट?" तिनं विचारलं.

दुखतं, मी म्हटलं.